दहा चाकांची घंटी

माझ्या बाबांच्या कपाळावर रोज सकाळी एक काळा डाग असायचा. बुक्का नव्हे, अंगारा नव्हे. ट्रकच्या चाकाचं ग्रीस आणि त्यावर बसलेली धूळ. वाडी या गावात, अमरावती रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि गल्ली संपली की ट्रान्सपोर्टचं गोडाऊन. बाबा सकाळी आधी तिथे जायचे, गाडी तयार करायचे आणि मग डबा घ्यायला घरी यायचे, ते हा डाग घेऊनच. आई पदराने पुसायला जायची, बाबा डोकं मागे घ्यायचे. आई म्हणायची, लोकांचे नवरे देवळातून टिळा लावून येतात, माझा गोडाऊनातून येतो.

तो डाग कसा पडतो ते मी लहानपणी कितीतरी वेळा पाहिलं होतं. बाबांची गाडी दहा चाकी. निघण्याआधी ते केबिनमधल्या देवाला अगरबत्ती ओवाळायचे आणि तीच हातात धरून गाडीभोवती उजवीकडून फेरी घालायचे. दुसऱ्या हातात टामी, म्हणजे चाक खोलायला लागते ती लांब लोखंडी सळई. प्रत्येक चाकापाशी थांबायचं, टायरवर टामीचा एक ठोका, नटांवर एकेक हलका ठोका, मग टामी काखेत धरून चाकाच्या मधोमध तळहात टेकवायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. मागची चाकं जोडीजोडीनं असतात. आतल्या चाकापर्यंत टामी पोचावी म्हणून ते कमरेत वाकून जवळजवळ गाडीखाली शिरायचे.

हे काय करता, असं मी एकदा विचारलं होतं.

"घंटी वाजवतो," बाबा म्हणाले. "देवळात नाई का वाजवत? उस्तादानं सांगतलं होतं, चाकाले आधी जागं कर, मंग हात जोड."

उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते गाडी शिकले ते. मला ते उत्तर पुरलं, कारण मी सात वर्षांची होते आणि चाकं रात्री झोपतात यावर माझा विश्वास होता.

चौदाव्या वर्षी तो विश्वास गेला आणि जाताना घरातला बराच देवधर्म सोबत घेऊन गेला. मी वर्गात पहिली यायचे, त्यामुळे मला सगळं कळतं अशी माझी आणि शेजाऱ्यांची खात्री होती. आई दर गुरुवारी पोथी वाचायची. अडखळत, बोट ओळीवर ठेवून. मी समोर बसून एकेका शब्दाचा अर्थ विचारायचे आणि तिला तो आला नाही की विजयी चेहऱ्याने उठायचे. एकदा तिने बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि मान वर करून म्हणाली, "जेवढं समजते तेवढं समजते. बाकीचं वाचता वाचता समजन. तू तं वाचतच नाईस, मंग तुले कसं समजन?" मी आणखी चिडले आणि पाय आपटत उठले. त्या काळात माझी तीच पद्धत होती.

पुढे मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात लागले. कंपनीच्या बसने जायचं, शिफ्ट करायची, बसने यायचं. तिथे मशीन सुरू करण्याआधी एक छापील फॉर्म भरावा लागे. हे पाहिलं का, ते घट्ट आहे का, इथे तेल आहे का. प्रत्येक प्रश्नापुढे खूण आणि खाली सही. मला तो कागद फार आवडला. त्यात देव नव्हता, नवस नव्हता, अमक्या वाराला हे चालत नाही असलं काही नव्हतं. प्रत्येक ओळीला कारण होतं आणि ते कारण मला माहीत होतं. धर्म असाच असायला हवा होता, असं मी तेव्हा मैत्रिणीला म्हटल्याचं आठवतं, आणि आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

दोन वर्षांपूर्वी वाडीच्या त्याच गोडाऊनात, जिथे बाबा तीस वर्षं गाडी चालवत होते, गाड्यांच्या तपासणीसाठी माणूस हवा होता. मी अर्ज केला आणि मला घेतलं. बाबांनी साऱ्या ड्रायव्हरांना पेढे वाटले. मी आल्या आल्या दोन कामं केली. वीस ओळींचा फॉर्म छापून घेतला. आणि आवारात पूजाअर्चा बंद केली. कापसाच्या गाठी रचलेल्या असताना शेजारी अगरबत्त्या पेटलेल्या नकोत, हे कारण खरंच होतं आणि आजही ते बरोबरच आहे. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. फेऱ्या घालण्यात वेळ जातो, मागच्या गाड्या अडकतात, सबब चाकांना घंट्या वाजवणंही बंद, असंही त्याच सुरात सांगून टाकलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, पण तेव्हा मला त्यात ओलं काही दिसलंच नव्हतं.

ड्रायव्हर कुरकुरले. बाबांनीच त्यांना गप्प केलं. "माही पोरगी शिकेल हाय," ते म्हणाले. "ते सांगून राहिली तं बरोबरच असन." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टामी सीटखाली ठेवून दिली. मला वाटलं, चला, निदान घरात एक माणूस सुधारला. त्या दिवसापासून त्यांच्या कपाळावर डाग नव्हता, आणि आईनेही ते पाहिलं होतं.

नव्याचे नऊ दिवस झाले. ड्रायव्हर आधी गाडीशेजारी उभं राहून फॉर्म भरत, मग टपरीवर चहा पिता पिता भरू लागले. वीस खुणा, एका झटक्यात, वरून खाली. बाबाही तसंच करत. मी माझ्या टेबलावर बसून गठ्ठ्याने सह्या करायचे. सगळ्या ओळींपुढे खुणा आहेत ना, एवढंच मी बघायचे. गाडी बघायला मी क्वचितच उठायचे.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी बाबा अकोल्याकडे माल घेऊन निघाले. आदल्या संध्याकाळी त्यांच्या गाडीचं मागचं एक चाक पंक्चर काढून पुन्हा बसवलं होतं. असं नव्यानं बसवलेलं चाक निघण्याआधी पुन्हा कसून बघावं लागतं. फॉर्मवर अकरावी ओळ तीच होती आणि तिच्यापुढे बाबांची खूण होती. कोंढाळीच्या अलीकडे मागून खडखड सुरू झाली, बाबांनी गाडी हळू केली, कडेला घेतली, आणि थांबता थांबता ते चाक सुटलं. सुटलं ते रस्त्याच्या उतारावरून धावत गेलं. कडेला शाळेची मुलं बसची वाट बघत उभी होती. चाक त्यांच्यापासून दहा हातांवरून गेलं आणि संत्र्याच्या बगीच्यात एका झाडावर आदळून पडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

बाबा संध्याकाळी दुसऱ्या गाडीने परत आले. जेवले नाहीत. आईने दोनदा विचारल्यावर एवढंच म्हणाले की मुलं हसत होती, चाक गेलं तरी हसतच होती, त्यांना काही कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या मालकाने, म्हणजे शेठने, आम्हां दोघांना त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो फॉर्म होता. वर बाबांच्या वीस खुणा, खाली माझी सही. शेठने कोणी बघितलं होतं असं विचारलं आणि माझ्याआधी बाबा बोलले. "चूक माही हाय, साहेब. मी न पाहता खुणा केल्या. माही पोरगी तं कागदच पाहू शकते."

मी गप्प राहिले. हे लिहिताना मला चार वेळा उठून पाणी प्यावं लागलं, पण लिहिलं पाहिजे. गाडी न बघता मीही सही केली होती. चाकांना हात लावायची त्यांची तीस वर्षांची सवय मीच मोडली होती. आणि मी शेठच्या समोर, बाबांच्या शेजारी मूग गिळून उभी राहिले. नोकरीची भीती होती, लाजही होती. शेठने बाबांना गाडीवरून उतरवलं आणि गेटवर बसवलं. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बाबा मान हलवून बाहेर गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज त्या फाटकातून आत गेले. बाबा लोखंडी खुर्चीवर बसलेले असत. मला बघून उठायचे, फाटक उघडायचे. मी चार वेळा म्हटलं की मी खालच्या छोट्या दारातून येईन, तुम्ही उठू नका. ते म्हणायचे, ड्यूटी हाय. घरी येऊन ते हात धुऊन ताटावर बसत. त्यांना गाडीशिवाय काहीही येत नव्हतं आणि ती मी काढून घेतली होती, हे आम्हां तिघांना माहीत होतं आणि आम्ही तिघं शांतपणे भात-वरण खात होतो.

मग एक दिवस गेटवर आरडाओरडा झाला. कळमेश्वरला जाणारी एक गाडी बाबांनी अडवून धरली होती. फाटक उघडायलाच तयार नव्हते. ड्रायव्हर तापला होता. फॉर्म भरलेला, सही झालेली, ती अर्थात माझी. मी गेले तर बाबांच्या हातात टामी होती. बसल्या बसल्या जीव रमेना म्हणून ते बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकांना ठोका देत असत, हे मला त्या दिवशी समजलं. ड्रायव्हर हसून सोडून द्यायचे. म्हाताऱ्याची खोड.

"आतलं चाक बोलून नाई राहिलं," बाबा म्हणाले.

ड्रायव्हर वाकला, चरफडत गाडीखाली गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. डावीकडच्या आतल्या टायरमध्ये हवा जवळपास नव्हतीच. बाहेरचं चाक सगळा भार उचलत होतं, म्हणून वरून काही दिसत नव्हतं. भरल्या गाडीत ते कुठे फुटलं असतं ते सांगता येत नाही.

मी बाबांना विचारलं की तुम्हाला कसं कळलं. त्यांनी टामी माझ्या हातात दिली आणि आधी बाहेरच्या चाकावर मारायला लावली. टामी टणकन उडाली. मग आतल्यावर. ढब. उशीवर मारल्यासारखी. मी तीन वर्षं शिकलेलं सगळं एका क्षणात माझ्या हातात आलं. हवा भरलेली असेल तर टायर ठोका परत फेकतो, नसेल तर गिळतो. घट्ट नट खणखणतो, सैल नट नुसता थडथडतो. चाकाच्या मधोमध ठेवलेला तळहात उष्णता सांगतो, बेअरिंग खराब होऊन चाक तापलं असेल तर ते वाटेत थांबल्यावर हाताला कळतं. मी भराभर बाबांना हे सांगत होते आणि ते तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते.

"म्हंजे उस्ताद हवा पाहायले सांगत होता?" ते म्हणाले.

मी म्हटलं, मग तुम्हाला काय वाटत होतं?

"मले तं वाटे का देवासाठीच वाजवून राहिलो. कधी आवाज बरोबर नाई आला, तं वाटे आज देव राजी नाई. मंग मी हवा भरो, नट कसो, अन् पुन्हा वाजवो. मंग तो राजी होये."

ते माझी चेष्टा करत होते की खरं सांगत होते, हे मला आजही नक्की कळलेलं नाही. दोन्ही असावं. पण मला एकदम हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं, आणि ते गेटवर, त्या ड्रायव्हरच्या समोर. इतकी वर्षं त्या माणसाने कारण माहीत नसताना बरोबर काम केलं होतं. मला कारण माहीत होतं, आणि मी एकदाही चाकाला हात लावला नव्हता. वर माझा तो आवडता फॉर्म. तीन महिन्यांत त्याची पोथी झाली होती, तीही बोट ओळीवर न ठेवता वाचलेली. आई निदान बोट तरी ठेवायची.

हिंगण्याच्या कारखान्यात फॉर्म भरताना आमचे सुपरवायझर प्रत्येक मशीनपर्यंत सोबत चालत येत आणि मशीनला हात लावून मगच पुढे जात, हे मला तेव्हा आठवलं. कागद मी सोबत आणला होता. ते चालणं तिथेच राहिलं होतं.

त्याच दुपारी मी शेठकडे गेले. सोबत गेल्या महिन्याचे सगळे फॉर्म नेले. यातली एकही सही मी गाडी बघून केलेली नाही, बाबांची गाडीसुद्धा मी बघितली नव्हती, त्यांची फेरी मी बंद केली होती आणि त्या दिवशी मी गप्प बसले होते, हे सगळं एका दमात सांगितलं, कारण दम तुटला असता तर पुढचं आलं नसतं. शेठ एकेक फॉर्म चाळत गेले. मग म्हणाले की तुमच्या सहीवर मी गाड्या रस्त्यावर सोडत होतो. मी म्हटलं, मला काढा, पण बाबांना गाडी परत द्या. त्यांनी मला काढलं नाही. उद्यापासून काय करणार ते आधी सांगा, असं म्हणाले.

काय करणार ते मी बाबांना विचारूनच ठरवलं. फॉर्म राहिला, वीस ओळींचा दहा ओळींचा झाला. पण तो टपरीवर न्यायचा नाही. ड्रायव्हरने टामी घेऊन गाडीभोवती फेरी घालायची, मी मागे चालायचं, आवाज दोघांनी ऐकायचा आणि मग खूण. अगरबत्तीवर बाबांनी स्वतःच फुली मारली. गाठींजवळ विस्तव नकोच, ती मी घरी लावीन, म्हणाले. फेरी घालताना तोंडाने काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आमचा एक ड्रायव्हर त्रिशरण म्हणतो, एक बिस्मिल्ला म्हणतो, एक जण नुसता शिव्या घालतो रस्त्याला. टामी मात्र सगळे वाजवतात. ती का वाजवायची हे मी प्रत्येकाला एकदा समजावून सांगते आणि रोज का वाजवायची ते बाबा सांगतात.

बाबांना गाडी परत मिळाली तो दिवस थंडीचा होता. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. सगळे ड्रायव्हर जमले होते, कुणी गाडीला झेंडूचा हार घातला होता. बाबांनी टामी उचलली आणि फेरी सुरू केली. मी फॉर्म घेऊन मागे. ते चाकाला ठोका द्यायचे, हात टेकवायचे, कपाळाला लावायचे. त्यांचे डोळे भरून आलेले मला बाजूने दिसत होते. आठव्या चाकापाशी, आतल्या, ते वाकले, ठोका दिला, हात जोडले आणि पुढे सरकले.

मी थांबले. मला काहीतरी खटकलं होतं. मी त्यांच्याकडून टामी मागून घेतली, वाकले, पुन्हा मारली. ढब नव्हतं, पण टणही नव्हतं. मधलंच काहीतरी. मी तिसऱ्यांदा मारून पाहिली आणि म्हटलं, "बाबा, हवा कमी आहे याच्यात."

ते परत आले, वाकले, कान लावला. मीटर लावला तर हवा खरंच बरीच उतरली होती. बाबांनी टायरवर हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज मी नुसताच पाया पडून राहिलो होतो वं."

त्यांनी ते इतक्या आनंदाने सांगितलं, की मला वाटलं आता ते पेढे वाटतील. हवा भरायला अर्धा तास गेला. ते चहा पीत शेजारी बसून राहिले, कसलीही घाई न करता. मग फेरी पुन्हा पहिल्या चाकापासून. या वेळी टामी माझ्याकडे होती आणि ते मागे होते. दहाही चाकं बोलली. गाडी फाटकातून बाहेर पडली, अमरावती रोडला लागली आणि वळणापर्यंत मी तिची मागची चाकं बघत उभी राहिले.

मग मी चहाला घरी गेले. आई पोथी उघडून बसली होती, गुरुवार होता. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि तिचं बोट ओळीवरून पहिल्यांदाच सुटलं.

"हे काय लागलं वं कपाळाले?"

मी हात लावला. बोटं काळी झाली. केव्हा लागलं ते मला आठवत नव्हतं. दहा वेळा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला असणार आणि मी आवाज ऐकण्यात गुंग होते. "चाकाचं आहे," मी म्हटलं.

आई पदर घेऊन उठली. मी डोकं मागे घेतलं.